माळरानाच्या तीस प्रती

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. वर्षाचा बराचसा काळ तिथे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांचे स्टिकर आणि टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना लागणारी वेष्टने छापली जातात. या धंद्यात चांगल्या कामाची कसोटी ठरलेली आहे. गिऱ्हाईक वर्षभराने परत आले आणि ‘मागच्यासारखंच द्या’ म्हणाले, तर ते मागच्यासारखेच निघाले पाहिजे. त्यासाठी जुन्या स्क्रीन, म्हणजे छापायचा आकार उमटवलेल्या जाळीच्या चौकटी, लगेच पुसायच्या नाहीत, ज्यांवरून तो आकार जाळीवर उमटवतात त्या पॉझिटिव्ह फिल्म लिफाफ्यात घालून जपायच्या आणि शाईचे प्रमाण वहीत लिहून ठेवायचे, असा आमचा शिरस्ता आहे. त्यामुळे तीस प्रती छापून झाल्यावर स्क्रीन आणि फिल्म दोन्ही नष्ट करायच्या, अशी अट असलेले काम समोर आले, तेव्हा दर सांगण्याआधी मी त्या अटीचाच विचार करत राहिलो.

काम घेऊन आलेल्या चित्रकार बाई मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्याच. कलाशिक्षण मुंबईत झाले, नंतर बरीच वर्षे त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्तीनंतर त्या फक्त माळरान रंगवतात. आमच्या भागातले माळरान रंगवणे म्हणजे काय, हे सोलापूरबाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. शहरातून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नज लागते. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्यामुळे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. तिथे डोंगर नाही, नदी नाही, दाट झाडी नाही. गुडघ्याएवढे कुसळी गवत, मधूनच एखादी बाभूळ, नशीब असेल तर दूरवर काळविटांचा कळप, आणि या सगळ्याच्या वर पट्टीने आखल्यासारखे सरळ क्षितिज. निसर्गचित्र म्हटल्यावर ज्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात, त्यांतली जवळपास एकही इथे मिळत नाही. बाईंना नेमके हेच हवे असते.

त्यांनी आणलेले मूळ चित्र जलरंगातले आणि लहान होते. कागदाचा तीन चतुर्थांश भाग आकाशाने व्यापलेला. ते आकाश निळे नव्हते, वरच्या बाजूला राखाडी आणि क्षितिजाकडे येताना धुळीने किंचित पिवळसर होत गेलेले होते. त्याखाली धुरकट अशी एक अरुंद पट्टी, मग वाळलेल्या गवताचा रुंद पिवळा पट्टा, आणि अगदी तळाशी नांगरलेल्या काळ्या रानाची बोटभर जाडीची कड. एवढेच चित्र. आमच्याकडे पूर्वी कापडछपाईच्या कारखान्यात काम केलेले एक अनुभवी कारागीर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि मोकळेपणाने विचारले, “बाई, एवढी जागा सोडली आहे, तर कोपऱ्यात एक माळढोक टाकला असता तर? लोक हौसेनं घेतील.” बाई हसल्या. “मामा, पक्षी आला की बघणाऱ्याचं सगळं लक्ष पक्ष्यावर जातं. मग माळ नुसता मागचा पडदा होतो. मला माळाचंच चित्र करायचं आहे.” मूळ रेखाटनात एक बाभूळ होती आणि ती त्यांनी पुढे काढून टाकली होती, हे त्यांनी नंतर दाखवले. झाड असताना चित्र सुंदर दिसत होते, पण झाड नसताना ते मोठे दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर मला ते पटले.

तीसच प्रती का, हा प्रश्न मी लगेच विचारला. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या ड्रायपॉइंट प्रकारात रेषेच्या कडेला धातूची जी बारीक कंगोरी उभी राहते, ती दाबयंत्राखाली काही डझन प्रतींतच झिजते, म्हणून तिथे प्रतींची संख्या मुळातच मर्यादित राहते. स्क्रीनचे तसे नाही. नीट बनवलेली स्क्रीन हजारो प्रती देते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणजे इथली मर्यादा साधनाची नसून छापणाऱ्याच्या आणि चित्रकाराच्या शब्दाची असते. जपानमधले एकोणिसाव्या शतकातले चित्रकार हिरोशिगे यांचे निसर्गदेखावे लाकडी ठोकळ्यांवरून मागणी असेल तोवर हजारोंनी छापले जात, त्यांवर प्रतींचा क्रमांक नसे. चित्रावर पेन्सिलीने क्रमांक आणि सही करण्याची रीत पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळत गेली. स्क्रीन प्रिंटिंग तर बोलूनचालून जाहिराती, पाट्या आणि कापड यांचे तंत्र. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले, १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रकारांनी हे तंत्र कलाकृतीसाठी वापरायला घेतले आणि व्यापारी छपाईपासून वेगळेपणा दाखवण्यासाठी त्याला सेरिग्राफ असे नाव दिले. १९६२ नंतर अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यामुळे ते जगभर पोचले. आपल्याकडे चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या सेरिग्राफ प्रती अनेक घरांत आणि कार्यालयांत दिसतात. त्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा, हे सांगायला आम्हा सोलापूरकरांना आवडते.

काम चातुर्मासात करायचे ठरले. याला दोन कारणे होती. आषाढी एकादशीनंतर लग्ने थांबतात, त्यामुळे पत्रिकांचे काम कार्तिकीपर्यंत जवळपास बंद असते आणि टेबल मोकळे राहते. दुसरे कारण हवेचे. बाईंना पाण्यावर आधारित ॲक्रिलिक शाई हवी होती. पिशव्यांसाठी आम्ही वापरतो ती थिनरची शाई चकाकते, तिचा वास कागदात बरेच दिवस राहतो, आणि वाळलेल्या गवताचा मऊ कोरडेपणा तिच्यातून येत नाही. पण पाण्याची शाई सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये छापायला घेणे म्हणजे जाळीतच वाळवायला घालणे होय. त्या उकाड्यात स्क्विजी, म्हणजे जाळीतून शाई दाबणारी रबरी पट्टी, एकदा ओढून पुढचा कागद लावेपर्यंत बारीक छिद्रे बुजू लागतात. पावसाळ्यात, आमच्याकडे पाऊस बेताचाच असला तरी, हवेत ओलावा असतो आणि शाई हाताळायला थोडा अवधी मिळतो. त्यात शाईचे वाळणे लांबवणारे जरासे रिटार्डर घातले की काम सुरळीत चालते.

कागद शंभर टक्के सुती, आम्लरहित, ३०० ग्रॅम वजनाचा निवडला. हा कागद हवेतला ओलावा ओढून घेतो आणि सोडतोही. त्याबरोबर तो किंचित फुगतो आणि आकसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने हा फरक जास्त असतो. पत्रिकेच्या आकारात तो लक्षात येत नाही. पन्नास सेंटिमीटर रुंदीच्या चित्रात मात्र पहिला रंग एका दिवशी आणि चौथा रंग आठवड्याने छापला, आणि मधल्या काळात हवा बदलली, तर क्षितिजाच्या रेषेवर अर्ध्या मिलिमीटरची पांढरी फट उघडी पडते. म्हणून सगळा कागद आधीच गाळ्यात आणून रॅकवर सुटा करून ठेवला आणि त्याला तिथल्या हवेची सवय होऊ दिली. कूलर बंद. नेहमीच्या कामात मी कागदाचे इतके लाड कधी केले नव्हते.

रंगांची फोड हा बाईंच्या हातचा भाग होता. संगणकावर फोड करून देण्याची तयारी मी दाखवली, पण त्यांनी प्रत्येक रंगासाठी अर्धपारदर्शक फिल्मवर स्वतः ब्रशने, गडद अपारदर्शक शाईत आकार काढले. पाच रंग, म्हणून पाच फिल्म. पहिल्या फिल्मवर आकाश. दुसरीवर क्षितिजालगतची धुरकट पट्टी, जी पारदर्शक शाईत छापायची होती. तिसरीवर गवत, चौथीवर गवतावर पडणारी एक अगदी पुसट पारदर्शक सावली, आणि पाचवीवर काळे रान. शेजारच्या दोन रंगांत बारीकशी चढ ठेवावी लागते, म्हणजे एक रंग दुसऱ्याच्या काठावर केसभर चढवायचा, नाहीतर मधून कागद डोकावतो. ही चढ किती असावी यावर आमचा बराच खल झाला. चढ जास्त झाली की दोन रंग मिळून तिसराच काळपट काठ तयार होतो आणि मोकळ्या चित्रात तो काठ रेघ ओढल्यासारखा दिसतो. चित्रात भरपूर तपशील असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. इथे लपायला जागाच नव्हती.

स्क्रीन बनवण्याचे काम आमच्या नेहमीच्या सरावाचे असल्याने थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमच्या चौकटींवर सेंटिमीटरला नव्वद धाग्यांचे पॉलिस्टर बोल्टिंग कापड ताणून घेतले. ताण सगळीकडे सारखा नसेल तर मोठ्या सपाट रंगात पट्टे उमटतात, म्हणून जुन्या चौकटी या कामाला घेतल्या नाहीत. अंधाऱ्या खोलीत इमल्शनचे कोटिंग करून ते वाळवले, वर फिल्म ठेवून अतिनील नळ्यांच्या पेटीत एक्स्पोज केले. प्रकाश लागतो तिथे इमल्शन कडक होते, फिल्मवरच्या काळ्या आकाराखाली ते मऊच राहते आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जाते. शाई जाते ती या मोकळ्या झालेल्या जाळीतून. पूर्वी आम्ही बायक्रोमेटचे नारिंगी द्रावण मिसळून स्क्रीन गच्चीवर उन्हात धरत असू. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण ते द्रावण विषारी, त्वचेला आणि नाल्यालाही घातक, आणि ढगाआड सूर्य गेला की वेळेचा अंदाज चुके. आता तयार डायझो इमल्शन वापरतो आणि एक्स्पोजरचा वेळ चाचणीची पट्टी काढून ठरवतो.

खरा कस लागला तो आकाशात. पाहणाऱ्याला वाटते की आकाश म्हणजे रिकामी जागा आणि छपाईचे काम त्याखालच्या जमिनीपासून सुरू होते. वस्तुस्थिती उलट आहे. या चित्रातली ती रिकामी जागा हाच सर्वांत मोठा छापील भाग होता, आणि तो पहिलाच होता. शिवाय त्यात रंग वरून खाली बदलत जाणार होता. हे साधण्यासाठी दोन शाया एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी ओततात आणि एकाच स्क्विजीने ओढतात. ओढता ओढता मधल्या भागात त्या एकमेकींत मिसळतात. स्क्विजी ज्या दिशेने जाते त्या दिशेने रंगाचे पट्टे लांबतात, म्हणून आकाश वरून खाली बदलायचे असेल तर स्क्विजी चित्राच्या डावीकडून उजवीकडे न्यावी लागते. तिच्या एका टोकाशी क्षितिजाजवळचा पिवळसर करडा रंग आणि दुसऱ्या टोकाशी वरचा राखाडी. सुरुवातीच्या काही कागदांवर दोन रंगांची शिवण स्पष्ट दिसते, ते बाजूला जातात. मग मिलाफ जमतो आणि काही कागद हवे तसे निघतात. त्यानंतर हळूहळू दोन्ही शाया इतक्या मिसळतात की आकाश सगळीकडे एकाच मळकट रंगाचे होऊ लागते. तिथे थांबून शाई खरवडायची, नवी घालायची आणि पुन्हा शिवणीपासून सुरुवात करायची.

या सगळ्यात हात थांबू द्यायचा नसतो. स्क्विजी मध्येच क्षणभर अडखळली तरी त्या जागी रेघ उमटते. दाब कमीजास्त झाला तर पट्टा दिसतो. स्क्रीन कागदापासून तीनेक मिलिमीटर वर ठेवतात, म्हणजे स्क्विजी पुढे सरकताच मागची जाळी कागदापासून लगेच सुटते. हे अंतर कमी पडले तर जाळी चिकटते आणि शाईवर खवल्यांसारखे ठसे राहतात. इतक्या रुंद स्क्रीनवर एका माणसाचा हात सारखा राहत नाही, म्हणून स्क्विजीची दोन टोके मी आणि मामांनी धरली आणि मामांच्या हुंकारावर दोघे मिळून चाललो. कापडाच्या लांब टेबलांवर त्यांनी तरुणपणी असेच समोरासमोर उभे राहून काम केले होते, ते कसब इथे उपयोगी आले. मला त्यांच्या गतीला गती जुळवावी लागली. माझा हात पत्रिकांचा, म्हणजे छोट्या आणि चटपटीत ओढीचा आहे.

आणि मग तंतू. आमच्या आसपास यंत्रमागांचे कारखाने आहेत, आणि माग चालू असताना सुताचा अतिबारीक भुरका हवेत तरंगत असतो. त्यातला एक धागा स्क्रीनखाली बसला की छापात पांढरा केस उमटतो. पिशवीवर त्याकडे कोणी पाहत नाही. या आकाशात तो वीज चमकल्यासारखा दिसत होता. शेवटी फरशीवर पाणी शिंपडून, पंखे बंद ठेवून, शेजारचे माग सुट्टीला बंद असतात त्या दिवशी पहाटेपासून आकाश छापण्याची व्यवस्था केली. बाई सगळा वेळ उभ्या राहून एकेक कागद खिडकीजवळ धरून पाहत होत्या, आणि कागदाला बोटाचा डाग लागू नये म्हणून घडी घातलेल्या पुठ्ठ्याच्या चिमट्यांनीच उचलत होत्या.

पुढचे तीन रंग तुलनेने बिनबोभाट गेले. टेबलावर कागदाच्या लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक असे तीन टेकू चिकटवले होते; प्रत्येक कागद त्या तिन्हींना टेकवायचा, की तो दर वेळी एकाच जागी बसतो. रंग बदलताना आधी टेबलावर बसवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकवर नव्या स्क्रीनचा छाप घ्यायचा, त्याखाली कागद सरकवून रेषा जुळवायच्या आणि मगच टेकू पक्के करायचे. धुरकट पट्टीची पारदर्शक शाई आकाशाच्या आणि गवताच्या सीमेवर पडली, तेव्हा तिथे आम्ही मिसळलेला नसलेला एक सहावा रंग आपोआप तयार झाला. दुपारी बारानंतर माळावर उठणाऱ्या धगीचा रंग तो हाच, असे बाई म्हणाल्या.

काळ्या रानाच्या रंगावर मात्र आम्ही पुन्हा अडलो. डब्यातली काळी शाई थेट वापरली तर ती पट्टी कागदावर भोक पाडल्यासारखी दिसत होती. आपली काळी जमीन काळी नसतेच. भिजली की ती निळसर दिसते आणि वाळली की तपकिरीकडे झुकलेली राखाडी होते. मोहोळ-मंगळवेढ्याकडे ज्वारी पेरण्याआधी रान उघडे पडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा फरक ठाऊक असेल. बाईंनी पिशवीतून एक ढेकूळ आणले होते. ते टेबलावर ठेवून, त्याच्या अर्ध्या भागावर पाणी शिंपडून, जळक्या तपकिरीत अल्ट्रामरीन निळा आणि काळ्याचा अगदी थोडा अंश घालत मिश्रण सुरू झाले. ॲक्रिलिक शाई वाळल्यावर गडद होते, त्यामुळे डब्यातला रंग हवा त्यापेक्षा फिका दिसायला लागतो आणि डोळ्याला ते पटत नाही. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा पट्टा त्याच कागदावर, त्याच पिवळ्या रंगावर ओढून, वाळू देऊन, गाळ्याच्या दारात दिवसाच्या उजेडात पाहायचा. ट्यूबलाइटखाली केलेली निवड बाईंनी एकदाही मान्य केली नाही. त्यांना कोरड्या रानाचा रंग हवा होता. “ओली जमीन आशेची असते, मालक. हे चित्र पेरणीच्या आधीचं आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि तपकिरी आणखी थोडी वाढवायला सांगितली.

पाचही रंग बसलेली पहिली मनासारखी प्रत निघाली तेव्हा बाईंनी तिच्यावर ‘छपाईस योग्य’ असे लिहून सही केली. कलाछपाईच्या कारखान्यांत अशी एक प्रमाणप्रत ठेवण्याची पद्धत आहे, आणि बाकीची प्रत्येक प्रत तिच्याशी ताडून पाहायची असते. आम्ही मोठ्या टेबलावर ती प्रत मधोमध ठेवली आणि एकेक कागद तिच्या शेजारी आणला. क्षितिज किंचित हललेले, आकाशात केस आलेला, काळ्या पट्टीची कड फुटलेली, अशा प्रती सरळ बाद झाल्या. काही प्रतींत मला दोष दिसत होता आणि बाईंना दिसत नव्हता, काहींत उलट. आकाशाचा मिलाफ प्रत्येक प्रतीत केसभर वेगळा असणार हे आधीच धरून चाललो होतो, आणि हाताने ओढलेल्या छपाईत तेवढा फरक मान्य असतो. पण किती फरक मान्य, याची रेघ चित्रकाराने ओढायची असते, छापणाऱ्याने नाही, हे मला या टेबलाशी उभे राहून कळले.

निवड संपली तेव्हा एक अडचण शिल्लक राहिली, आणि ती माझ्या दृष्टीने या साऱ्या कामातली सर्वांत विचित्र अडचण होती. तीस प्रती झाल्या, चित्रकाराच्या स्वतःच्या तीन प्रती झाल्या, छापणाऱ्यासाठी रिवाजाप्रमाणे एक बाजूला काढली, आणि तरीही काही निर्दोष प्रती उरल्या. कागद महाग, श्रम झालेले, छाप उत्तम. मी सुचवले की संख्या वाढवून पस्तीस करू, अजून कुणालाच काही सांगितलेले नाही. बाईंनी मान हलवली. “तीस म्हणून काही जणांना मी आधीच शब्द दिला आहे. आणि नसता दिला तरी, चांगल्या निघाल्या म्हणून वाढवायच्या, तर मग संख्येला अर्थ काय उरला?” त्या प्रती त्यांनी स्वतःच्या हाताने मधोमध फाडल्या. मामा तिथून उठून चहा सांगायला गेले. खराब झालेला माल फाडणे धंद्यात नित्याचे आहे. उत्तम माल फाडलेला मी प्रथमच पाहत होतो.

सही आणि क्रमांक पेन्सिलीने घातले. चित्राखालच्या मोकळ्या पट्टीत डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. पेनाची शाई कालांतराने उडते किंवा कागदात पसरते. पेन्सिलीचे ग्रॅफाइट टिकते आणि कागदावर दाबाची खूण सोडते, त्यामुळे छापलेली नक्कल ओळखता येते. एक गैरसमज इथे दूर करायला हवा: १/३० लिहिलेली प्रत आधी छापली म्हणून अधिक चांगली, असे काही नसते. पाच रंगांच्या छपाईत कागद रॅकवर इतक्यांदा खालीवर होतात की आकाश छापताना पहिला असलेला कागद रान छापताना कुठे होता, हे कोणीच सांगू शकत नाही.

मग स्क्रीन. आमच्या गाळ्यात स्क्रीन पुसण्याचे काम नव्या पोरांकडे असते, पण या पाच मी पुसल्या. डीकोटचे द्रावण लावून थोडा वेळ थांबले की कडक झालेले इमल्शन सुटू लागते आणि पाण्याच्या जोराबरोबर वाहून जाते. जाळीत आकाराची फिकट सावली मागे राहते, पण तिच्यातून छाप निघत नाही. फिल्म बाईंनी कात्रीने उभ्या कापल्या. शाईचे प्रमाण लिहिलेले वहीचे पान मी फाडायला निघालो, तेव्हा त्यांनी अडवले. रंग सर्वांचे आहेत, ते राहू द्या, म्हणाल्या. कागदाचा प्रकार, रंगांची संख्या, प्रतींची संख्या, स्क्रीन रद्द केल्याची नोंद आणि आम्हा दोघांच्या सह्या, असे एक पत्र प्रत्येक प्रतीबरोबर दिले.

प्रती बाहेर गेल्यावर लोक एक प्रश्न हमखास विचारतात: मोबाइलवर फोटो काढून चांगल्या प्रिंटरवर छापले तर फरक काय? साधे भिंग घ्यावे. ऑफसेटच्या छापात चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात, इंकजेटमध्ये बारीक तुषार दिसतात. स्क्रीनच्या छापात ठिपके नसतात. रंगाचा सलग थर असतो, आणि तिरप्या उजेडात त्याची कड कागदापेक्षा किंचित उंच दिसते. आमच्या प्रतीत ही उंची काळ्या रानाच्या पट्टीवर सर्वांत जास्त आहे, कारण तिच्याखाली आधीचे थर आहेत. बोट फिरवून पाहण्याचा मोह होतो, पण तो आवरावा, कारण बोटाचा तेलकटपणा मॅट शाईवर कायमचा राहतो. चौकट करताना मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा, काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये माउंट घालावा, आणि सोलापूरसारख्या गावात पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी.

पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला होता. त्यांना दिवाणखान्यासाठी हेच चित्र, पण दुप्पट आकारात हवे होते, आणि ते सांगाल ती किंमत द्यायला तयार होते. स्क्रीन नाहीत, फिल्म नाहीत, असे सांगितल्यावर त्यांनी ‘नव्या करा’ असे सुचवले. धंद्याच्या इतक्या वर्षांत आलेली मागणी परतवण्याची मला सवय नाही, तरी मी नाही म्हणालो, आणि त्यांनी बाईंचा नंबर मागितला तेव्हा बाईंना विचारूनच देईन असे सांगितले. बाईंनी त्यांच्याशी बोलून त्यांचे नाव पुढच्या चित्रासाठी लिहून घेतले. ते चित्र मंगळवेढ्याच्या बाजूचे, ज्वारी काढून झालेल्या रानाचे आहे. त्यात तीनच रंग आहेत आणि आकाश या वेळी पूर्ण सपाट, कोणताही मिलाफ नसलेले असणार आहे. मामांनी त्याचा कच्चा आराखडा पाहून, याला पाच रंगांपेक्षा जास्त दिवस धरा, असे मला बाजूला घेऊन सांगितले. मोठ्या चौकटींवर नवे कापड आत्ताच ताणून घेतले आहे.